कोकणी परदेशी पाठवून आपण मोकळे!

आपल्या कोकणी मुसलमानांत एक समजूत घर करून बसली आहे. बोलीची चिंता कशाला, ती आफ्रिकेतले, इंग्लंडातले, आखातातले आपले लोक जपतातच! म्हणजे बोली सांभाळायचे काम परदेशी पाठवायचे आणि इथे तिला घराबाहेर काढायचे.

या समजुतीत किती दम आहे ते पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी, कुलाबा, जंजिऱ्याकडची माणसे केपटाउनला गेली. तिथे त्यांची कोकणी शंभर वर्षे टिकली. राजेंद मेस्थ्री आणि डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सहकाऱ्यांसह तिचा अभ्यास केला. २०१७ साली तो प्रसिद्धही झाला. परक्या मुलखात गावाची आणि सोयरिकीची ओळख बोलीतच होती, म्हणून ती टिकली. पण तिथेही नातवंडे इंग्रजीकडे वळली आहेत. त्यांच्या भरवशावर आपण किती काळ बसणार?

आणि इथे? माझी रोजी उर्दू शाळेतली आहे. उर्दूवर माझे प्रेम आहे, म्हणूनच हे बोलण्याचा हक्कही आहे. मूल पहिलीत 'माना पानी' म्हणत येते आणि 'गावठी बोलू नकोस, साफ बोल' हा त्याचा पहिला धडा होतो. शाळेत आम्ही दटावतो, घरी अम्मी-अब्बा. खाडीकाठच्या पोराला भरती-ओहोटी पाळण्यापासून ठाऊक असते. उर्दू पुस्तकात तिचे 'मद्द-ओ-जझर' होते आणि पोर गप्प बसते. मराठीच्या पुस्तकात त्याचाच शब्द भेटतो, पण तो विषयही आम्ही परक्या भाषेसारखा शिकवतो. मराठीची सख्खी बहीण ज्याच्या तोंडात आहे, त्याला मराठीची धास्ती बसावी, ही कुणाची करणी? कोकणी हा उर्दू आणि मराठी या दोन्हींकडे जाणारा साकव आहे. तो मोडून आपण मुलाला पाण्यात ढकलतो.

'उर्दू हीच मुसलमानांची मादरी जबान' असे काही जण म्हणतील. मग मलबारचे मापिळे मल्याळम बोलतात, ते कमी मुसलमान झाले काय? ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी छातीवर गोळ्या झेलणारे कोण होते? दीन एक असला तरी आयांच्या बोली अनेक आहेत. ग्रिअर्सनसारख्या परक्या साहेबाने १९०५ च्या आपल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात बाणकोटीची वेगळी नोंद घेतली. आपण मात्र घरात कोकणी बोलतो आणि जनगणनेचा माणूस दारात आला की मातृभाषा उर्दू सांगतो. २०२७ च्या जनगणनेत तरी खरे सांगा. आपणच नाकारलेली बोली सरकारने का मोजावी?

निधी, अकादमी, ठराव यांची वाट पाहू नका. पहिली-दुसरीत मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या. उर्दू आणि मराठी त्यावरच उभ्या राहतील. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडची लग्नगीते, म्हणी, जुन्या खलाशांचे शब्द वहीत उतरवून घ्या. लिपी नागरी घ्या की उर्दू, त्यावर भांडत बसू नका. अशा अंकांनीही चार पाने कोकणीला द्यावीत. आणि घरात नातवाने आजीला उर्दूत विचारले, तर आजीने बिनधास्त कोकणीत उत्तर द्यावे. नातवाला ते कळते आहे तोवरच वेळ आहे.