ज्याचे माप त्यालाच

आमच्या गावातील एक कुटुंब गेली बारा वर्षे सुरतेस राहते. घरधनी उधना भागातील एका कारखान्यात यंत्रमागांच्या दुरुस्तीचे काम करतात. सुरतेत मराठी माणसांची वस्ती मोठी आहे. उधना, लिंबायत या बाजूंना फिरताना मराठी आणि अहिराणी बोल सारखे कानांवर पडत असतात. गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त तिकडे जाणे झाले, तेव्हा मी या कुटुंबाकडेच उतरलो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातील दहा वर्षांच्या मुलीने एक वही माझ्यापुढे आणून ठेवली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘ठमीचे वजन’. त्याखाली तारखा आणि आकडे. दिवाळीला ९८० ग्रॅम, संक्रांतीला ८६०, होळीला ७३०.

“फादर, ही वही नसती तर ठमी वाचलीच नसती,” ती म्हणाली.

ठमी म्हणजे त्या घरातील गिनीपिग. आपल्याकडील खेड्यांतून हा प्राणी फारसा दिसत नाही, म्हणून थोडे सांगतो. सशाहून लहान, बिनशेपटीचा, आखूड कानांचा, गवत खाऊन राहणारा असा हा गरीब जीव. नावात ‘पिग’ असले तरी डुकराशी त्याचे काही नाते नाही आणि तो गिनी देशाचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या रहिवाशांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला, आणि पुढे जगभर पसरला. आज शहरांतील मुले त्याला हौसेने पाळतात. नीट सांभाळला तर तो पाच ते आठ वर्षे जगतो.

ठमीला चौथे वर्ष लागले आणि ती वाळू लागली. नवल असे की, खाणे कमी झाले नव्हते. उलट टोपलीतील गवत संपले की ती पिंजऱ्याच्या तारा कुरतडू लागे. पाणीही अधिक पिई. पूर्वी दुपारभर पडून राहणारा हा प्राणी आता क्षणभर स्वस्थ बसेना. आजी म्हणाल्या, “खातेपिते, धावते, मग तिला झाले तरी काय? उगाच पैसे घालवू नका.” आजींचे म्हणणे वरवर पाहता खरेच वाटणारे होते. आजारी जनावर खाणे टाकते, हा आपला गोठ्यातील अनुभव. जे खाते ते निरोगी, असे आपण धरून चालतो. परंतु मुलीच्या वहीतील आकडे वेगळेच सांगत होते.

जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांच्याकडे कुत्री आणि मांजरे यायची, गिनीपिग क्वचितच. त्यांनी जंतांचे औषध व शक्तिवर्धक थेंब दिले. तीन आठवडे गेले. वजन उतरतच राहिले.

एका रात्री मुलीची आई पिंजऱ्यापाशी बसली होती. तिने ठमीला हातांत घेतले, तो तिचे काळीज विलक्षण वेगाने धडधडत असलेले जाणवले. लहान प्राण्याचे काळीज मुळातच जलद चालते. तरीही हे निराळे वाटले. आई नवऱ्याला म्हणाली, “अहो, सहा वर्षांपूर्वी माझे असेच झाले होते. भूक दांडगी, अंगावर मांस नाही, जिवाची तगमग आणि छातीत धडधड.”

या माउलीला थायरॉइडचा विकार होता. गळ्याच्या पुढील भागात थायरॉइड नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून थायरॉक्सिन नावाचा अंतःस्राव रक्तात मिसळतो. चुलीचा जाळ किती ठेवायचा, हे जसे सरपणावर अवलंबून, तसे शरीराने अन्न किती वेगाने जाळायचे हे या स्रावावर अवलंबून असते. स्राव वाजवीपेक्षा अधिक झाला की खाल्लेले सारे जळून जाते आणि माणूस भरल्या ताटापुढे वाळतो. हाच विकार गिनीपिगलाही होतो, विशेषतः तीन वर्षांपुढच्या वयात. आईचा अंदाज अगदीच वावगा नव्हता.

पण येथेच मोठा मोह उभा राहिला. आईच्या गोळ्या कपाटात होत्याच. त्यातील एखादा कण ठमीला द्यावा, असे तिच्या मनात आले. सुदैवाने घरधन्यांनी हात धरला. ते म्हणाले, “माग बंद पडला तर आधी दोष कुठे आहे तो पाहतो. न पाहता पाना फिरवला तर चांगला भागही बिघडतो.”

वाचकहो, हे वाक्य मी मुद्दाम येथे उतरवून ठेवतो. भरपूर खाऊन वजन उतरण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. मधुमेह असेल तर लघवीत साखर सापडते. पोटात गाठ असू शकते. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात. मागच्या दाढा वाकड्या वाढल्या तर प्राणी खाण्याकडे धावतो, पण त्याला नीट चावता येत नाही. माणसाप्रमाणे या जीवालाही ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. ते रोजच्या खाण्यातून मिळाले नाही तर सांधे दुखून तो खंगतो. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांना गिनीपिगमध्येच हा रोग आढळला, आणि त्यातूनच खलाशांच्या स्कर्व्हीचा उलगडा होण्यास मोठी मदत झाली. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काय खायला घालता?’ हा असतो. मादीच्या दोन्ही कुशींवरील केस सारखेच झडत असतील आणि खाज नसेल, तर अंडाशयातील गाठींचा संशय घ्यावा लागतो. तोही अंतःस्रावाचाच विकार असू शकतो. खाज फार असेल तर बहुधा त्वचेतील किडे असतात. लक्षण एक, रोग अनेक. आईच्या गोळीने यांतील एकही रोग बरा झाला नसता, आणि मात्रा चुकली असती तर ठमी त्या रात्रीच गेली असती.

पुढे चौकशी करता करता लहान प्राण्यांचा अभ्यास असलेल्या एका डॉक्टरांचे नाव समजले. पहाटेच्या गारव्यात, भोके पाडलेल्या खोक्यात गवत घालून ठमीला नेले. या प्राण्यास उष्मा सोसत नाही आणि त्याचे पोट दिवसभरही रिकामे ठेवता येत नाही, म्हणून वाटेतही गवत हवेच. डॉक्टरांनी दात पाहिले, लघवी तपासली, गळ्यावरून बोट फिरविले. तेथे वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. मग त्यांनी थोडेसे रक्त काढून तपासणीस पाठविले.

दोन दिवसांनी कागद आला. थायरॉक्सिन ७.४. शेजारी छापलेले होते : साधारण प्रमाण ५ ते १२. म्हणजे काहीच दोष नाही! घरात आनंद झाला. आजी म्हणाल्या, “मी सांगत नव्हते?” मुलीने मात्र आपल्या नेमाप्रमाणे शनिवारी ठमीला काट्यावर ठेवले. आणखी १५ ग्रॅम कमी.

ती वही आणि तो कागद घेऊन वडील पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “आकडा बरोबर आहे, पण शेजारचे माप चुकले आहे. ५ ते १२ हे माणसाचे प्रमाण. निरोगी गिनीपिगचे थायरॉक्सिन सुमारे १ ते ५ एवढेच असते. माणसाला ७.४ ठीक, ठमीला ते फार झाले.”

दोष तसा कोणाचा नव्हता. जेथे रोज माणसांचेच रक्त येते, तेथील कागदावर माणसांचेच प्रमाण छापलेले असणार. परंतु त्या एका छापील ओळीने रोग असूनही नाही असे ठरविले होते. आणि एका मुलीच्या वहीने तो आहे असे दाखवून दिले.

ही हकीकत ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली. १९५६ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावी डंकन ॲडम्स आणि हर्बर्ट पर्व्हस हे दोन संशोधक थायरॉइडच्या रोगाचा शोध घेत होते. माणसाच्या रक्तात या ग्रंथीला चेतविणारा स्राव किती आहे, हे मोजण्याचे साधे यंत्र त्या काळी नव्हते. त्यांचे यंत्र म्हणजे गिनीपिग. त्यांनी या प्राण्यांच्या थायरॉइडमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन साठवून ठेवले, मग रुग्णांचे रक्तद्रव टोचले आणि किती आयोडीन केव्हा बाहेर पडते ते मोजले. नेहमीच्या स्रावाचा परिणाम थोड्या तासांत ओसरे. काही रुग्णांच्या रक्ताचा परिणाम मात्र फार वेळ टिकून राही. यावरून कळले की, त्यांच्या रक्तात थायरॉइडला चेतविणारा एक वेगळाच पदार्थ आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच ग्रंथीविरुद्ध चुकून घडविलेला तो पदार्थ असल्याचे पुढे सिद्ध झाले. थायरॉइड अतिवेगाने चालण्याचे सर्वांत मोठे कारण असलेला ग्रेव्हजचा रोग आज डॉक्टरांना समजतो, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

मी ते सांगितले, तेव्हा मुलीची आई बराच वेळ बोलली नाही. तिला झालेला रोग हाच होता. मग ती म्हणाली, “म्हणजे फादर, माझे निदान ठमीच्या जातीने केले, आणि ठमीचे निदान करताना आपण माझेच माप तिला लावले.”

यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. थायरॉइडच कशाला? रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला, तोही गिनीपिगच्या साहाय्याने. पुढे कित्येक वर्षे क्षयाचा संशय असलेल्या माणसाचा द्रव या प्राण्याला टोचून काही आठवडे वाट पाहत असत. तो आजारी पडला म्हणजे माणसाचे निदान पक्के. घरोघरच्या आजीआजोबांना मिळालेल्या आयुष्यात या मुक्या जिवाचा वाटा आहे.

आता ठमीला रोज औषध देतात. तेच औषध, पण डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे मोजून, पातळ करून दिलेले. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहायचे, मात्रा कमीजास्त करायची. हा रोग समूळ गेलेला नाही. औषध जन्मभर द्यावे लागेल. तरी वहीतील शेवटचा आकडा ८१० ग्रॅम होता, आणि त्याखाली मुलीने लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती.

एवढ्याशा जिवासाठी एवढा खटाटोप का, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आजींनाही तेच वाटले होते. त्यांना मी सुरतेचीच एक गोष्ट सांगितली. १६९० साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज धर्मोपदेशक या शहरी आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की, सुरतेस गाई, घोडे, बोकड, कुत्री अशा लंगड्या, आजारी व म्हाताऱ्या जनावरांसाठी रुग्णालय आहे. इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांसाठीही एक जागा राखून ठेवली आहे. परदेशी माणसाला त्याचे नवल वाटले. परंतु ज्या शहराने सव्वातीनशे वर्षांपूर्वी पिसवांची सोय पाहिली, त्या शहरात ठमीला डॉक्टर शोधणे ही काही नवी रीत नव्हे.

प्रत्येक घराला रक्ततपासणीचा खर्च झेपेल असे नाही, आणि न झेपणाऱ्याने मनाला लावून घेऊ नये. परंतु काही गोष्टींना पैसा लागत नाही. घरात मुका प्राणी असेल, मग तो गिनीपिग असो, शेळी असो वा कोंबडी, तर आठवड्यातून एकदा त्याला हातात घ्या, नीट पाहा, जमल्यास वजन करा आणि लिहून ठेवा. माणसाचे औषध अंदाजाने देऊ नका. आपल्याकडे सर्रास चालणारे अमॉक्सिसिलिनसारखे औषध गिनीपिगच्या पोटात गेले तर त्याचा जीव घेऊ शकते. आणि डॉक्टरांकडे गेलात तर संकोच न करता विचारा, “हे प्रमाण कोणाचे?”

हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही उपयोगी पडतो. थोरल्या मुलाचे माप धाकट्याला, गावचे माप सुनेच्या माहेराला, आपल्या तारुण्याचे माप आजच्या तरुणांना लावून आपण किती जणांना निरोगी वा रोगी ठरविले असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

निघताना मी पिंजऱ्याकडे पाहिले. आजी खाली बसून ठमीला गवताची एकेक काडी भरवीत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “खाते आहे हो, फादर. पण शनिवारी काट्यावर ठेवल्यावाचून माझा विश्वास नाही.”