जोडी मोडू नका!

हॉस्टेलमध्ये सुपरहिरोंवरून वाद पेटला की स्पायडरमॅन भारी की बॅटमॅन, यावरच रात्र संपते. मी म्हणतो, हिरो राहू द्या, तो लिहितं-काढतं कोण ते बघा! माझं मत वेताळाला. तेही ली फॉक आणि साय बॅरी या जोडीच्या वेताळाला.

मुंबईच्या इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ ते १९९० या काळात वेताळ घरोघरी पोचवला, मराठीतूनसुद्धा. फॉक १९३६ पासून लिहीत होता. बॅरीने १९६१ मध्ये चित्रं हातात घेतली, ती थेट १९९४ पर्यंत. तेहेतीस वर्षं एकच जोडी! म्हणूनच मुखवट्याआडचा माणूस दिसला. १९७७ मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न झालं, पुढे किट आणि हेलॉईज ही जुळी आली. चार अंकांपुरता आलेला लेखक हिरोचा संसार मांडेल का?

आपला बहादूरही तसाच. १९७६ मध्ये आबिद सुरतींनी तो घडवला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. अंगात कुर्ता, खाली जीन्स, सुपरपॉवर शून्य! डाकूचा हा मुलगा गावकऱ्यांना जमवून डाकूंशी लढतो. पुढे लेखक बदलले. माझ्या मते पहिली जोडी आणखी टिकायला हवी होती.

आता आपलं बघा. दर सेमिस्टरला प्रोजेक्ट ग्रुप मोडायचे आणि चाकणच्या इंटरव्ह्यूत ‘टीमवर्क’वर बोलायचं! सर, टीईला जमलेला ग्रुप बीईलाही राहू द्या. दोन डोकी जुळायला वेळ लागतो हो!