यंत्र गेले तरी माहिती जाऊ नये

पातळ, हलक्या लॅपटॉपच्या सुरक्षिततेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. यंत्र चोरीला जाऊ नये हा एक, आणि गेलेच तर त्यातली माहिती भलत्याच्या हाती लागू नये हा दुसरा. जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. २०११मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा वर्ग पुढे आणला. आता किलो-सव्वा किलोचे यंत्र लोकलमध्ये, एसटीत, विमानतळावर, हॉटेलातल्या टेबलावर सगळीकडे दिसते. सहज नेता येणारी वस्तू सहज विसरलीही जाते आणि सहज उचललीही जाते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे पक्के उत्तर कधीच मिळणार नाही. दुसऱ्याचे उत्तर, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात ठेवणारे एन्क्रिप्शन, मात्र मिळालेले आहे आणि अलीकडच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ते बसवलेलेही आहे. तरी त्याविरुद्ध काही आक्षेप वारंवार घेतले जातात. त्यांतले काही अर्धे खरे आहेत, म्हणूनच ते नीट तपासावे लागतात.

सर्वांत रूढ आक्षेप असा की यंत्र पातळ करताना कंपन्यांनी सुरक्षिततेवर रंधा मारला. याला पुरावा म्हणून केन्सिंग्टन कुलपाच्या खाचेकडे बोट दाखवले जाते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला ७ बाय ३ मिलिमीटरची ही खाच असे आणि तिच्यात पोलादी तार अडकवून यंत्र टेबलाला बांधता येई. अनेक पातळ यंत्रांतून ती गेली, काहींत ६ बाय २.५ मिलिमीटरची ‘नॅनो’ खाच आली. हे खरे आहे. पण त्या तारेचे काम मुळात मर्यादित होते. वाचनालयात किंवा प्रदर्शनाच्या टेबलावर कोणी जाता जाता यंत्र उचलू नये, एवढ्यापुरती ती होती आणि तिथे ती आजही उपयोगी आहे. तार कापणाऱ्या पकडीपुढे ती टिकत नाही, आणि प्रवासात तर तिला बांधायला टेबलच नसते.

खरे नुकसान कुठे होते हे अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या प्रकरणातून दिसले. मे २००६मध्ये मेरीलँडमधील एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि बाह्य हार्ड डिस्क चोरीला गेली. त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख व्यक्तींची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते, आणि काहीही एन्क्रिप्ट केलेले नव्हते. पुढच्याच महिन्यात दोन्ही वस्तू सापडल्या. माहिती उघडली गेलेली नाही असा निष्कर्ष एफबीआयने काढला. तरीही २००९मध्ये त्या विभागाला २ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तो लॅपटॉप पातळ होता की जाड, त्याला खाच होती की नव्हती, याने या प्रकरणात काहीच बदलले नसते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असती तर ही चोरी एका घरफोडीची साधी नोंद ठरली असती.

‘लॅपटॉपला पासवर्ड आहे, मग एन्क्रिप्शन कशाला?’ हा प्रश्न शिकलेसवरलेले लोकही विचारतात. लॉगिनचा पासवर्ड विचारते ती ऑपरेटिंग सिस्टिम. तळाचे झाकण उघडून एसएसडी काढला आणि दुसऱ्या संगणकाला जोडला की ती सिस्टिम वाटेतून बाजूला होते आणि फायली जशाच्या तशा दिसतात. यासाठी हॅकर असण्याची गरज नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि बाजारात सहज मिळणारे एसएसडीचे एन्क्लोजर पुरते. संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन नेमका हाच मार्ग बंद करते. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स ही त्याची रूपे. किल्लीशिवाय डिस्कवर फक्त अर्थहीन बाइट उरतात. ‘त्याने यंत्र मंद होते’ ही तक्रार पंधरा वर्षांपूर्वी रास्त होती. इंटेलने २०१०पासून प्रोसेसरमध्येच एईएस या सांकेतिकीकरणाच्या आज्ञा दिल्या, पुढे त्या सर्वत्र आल्या, आणि लेखन, हिशेब, सादरीकरण, बैठका अशा रोजच्या कामात आता हा फरक जाणवत नाही.

एन्क्रिप्शन आहे एवढे म्हणून मात्र भागत नाही, ते कोण करते हेही पाहावे लागते. २०१८मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की स्वतःच एन्क्रिप्शन करणाऱ्या काही नामांकित एसएसडींमधील माहिती पासवर्डशिवाय काढता येत होती. त्या काळी बिटलॉकर अशा डिस्कवर विसंबून स्वतः काही करत नसे. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बदलली आणि नव्याने एन्क्रिप्ट होणाऱ्या डिस्कसाठी सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हाच नियम केला. चूक सापडली, जाहीर झाली आणि दुरुस्त झाली. सुरक्षिततेच्या साधनावर विश्वास बसतो तो असा.

यानंतर टीपीएमचा मुद्दा येतो, आणि सगळ्या वादाची खरी गाठ इथेच आहे. टीपीएम ही एक छोटी सुरक्षा-चिप. डिस्कची किल्ली ती मोहोरबंद करून ठेवते आणि यंत्र सुरू होताना बूटची, म्हणजे सुरू होण्याच्या टप्प्यांची, साखळी बदललेली नाही ना हे तपासून मगच सोडते. २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने टीपीएम २.० सक्तीचे केले तेव्हा ‘जुनी यंत्रे भंगारात काढायला लावणारी युक्ती’ अशी टीका झाली. चालू अवस्थेतली असंख्य यंत्रे त्या अटीमुळे बाद झाली, त्यामुळे त्या टीकेतला राग समजण्याजोगा आहे. त्यातून काढलेला ‘टीपीएम म्हणजे नुसता देखावा’ हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

या निष्कर्षाच्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावा २०२४चा आहे. एका सुरक्षा-संशोधकाने दहा डॉलरपेक्षा कमी किमतीच्या रास्पबेरी पाय पिको या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा वापर करून एका जुन्या लॅपटॉपच्या बिटलॉकरची किल्ली ४३ सेकंदांत मिळवून दाखवली. टीपीएम चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून ती किल्ली उघडीच जात होती, त्याने ती वाटेत वाचली. प्रयोग अस्सल आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखू नये. पण तो नेमके काय सिद्ध करतो? टीपीएम एकटे असले तर ते यंत्राची खात्री करते, माणसाची नाही. दार शाबूत आहे का एवढेच पाहून येईल त्याला किल्ली देणारा हा रखवालदार आहे. त्याला प्रश्न विचारायला लावायचे असेल तर बूटच्या वेळी पिन मागण्याची सोय चालू करावी लागते. मग योग्य पिन दिल्याशिवाय किल्ली बाहेर येतच नाही आणि तारांवर कान लावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पातळपणाने सुरक्षितता घटते या म्हणण्याला याच ठिकाणी उलट उत्तर मिळते. चिपांची संख्या कमी करण्याच्या ओघात टीपीएमचे काम अनेक यंत्रांत प्रोसेसरच्या पोटातच गेले. इंटेलचे पीटीटी, एएमडीचे एफटीपीएम, २०२२पासून काही प्रोसेसरांत आलेले मायक्रोसॉफ्टचे प्लुटॉन, ही त्याची उदाहरणे. तिथे चोरून ऐकण्यासाठी बाहेर तारच नाही. अ‍ॅपलच्या एम-मालिकेत तर साठवणीचे एन्क्रिप्शन चिपशी इतके बांधलेले आहे की साठवणीच्या चिपा उचकटून दुसरीकडे नेल्या तरी काही वाचता येत नाही. या रचनाही अभेद्य नाहीत. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०२३मध्ये एएमडीच्या एफटीपीएमवरही प्रत्यक्ष हल्ला करून दाखवला. म्हणून पिनचा आग्रह तिथेही सोडू नये, आणि शक्य असेल तिथे तो अंकांपुरता न ठेवता लांब ठेवावा. विंडोजच्या होम आवृत्तीत बूटच्या वेळच्या पिनची ही सोय सरळपणे मिळत नाही, ती प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांसाठी राखलेली आहे. हे धोरण चुकीचे आहे. विद्यार्थ्याच्या, पत्रकाराच्या किंवा छोट्या दुकानदाराच्या माहितीला कमी संरक्षण पुरे, असे मानण्याला कोणताही आधार नाही.

चार-सहा अंकी पिन लांब पासवर्डपेक्षा कच्चा असतो, ही शंका विंडोजच्या रोजच्या लॉगिन-पिनबाबतही नेहमी येते. इंटरनेटवरच्या खात्याचा पासवर्ड जगातून कुठूनही वापरता येतो. लॅपटॉपचा पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो आणि त्याच्या मागे टीपीएम उभे असते. विंडोजमध्ये टीपीएम २.० हे ३२ चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूपबंद होते आणि मग दर दहा मिनिटांना एकच नवा प्रयत्न देते. या गतीने सहा अंकांचे दहा लाख पर्याय संपवायला एकोणीस वर्षे लागतील. अर्थात जन्मसाल किंवा १२३४५६ ठेवणाऱ्याला हे गणित वाचवणार नाही.

बोटाच्या ठशावर लोकांचा विश्वास मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्स या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यावरून डेल, लेनोव्हो आणि सरफेस यांच्या एकेका यंत्राचा ठसावाचक तपासला आणि तिन्ही ठिकाणी तो चुकवून आत प्रवेश मिळवला. वाचक आणि संगणक यांच्यातला संवाद सुरक्षित करणारी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने आधीच आखलेली होती, पण तिन्हींपैकी दोन यंत्रांत ती चालूच केलेली नव्हती. तरी ठसावाचक टाकाऊ ठरत नाही. गर्दीत पासवर्ड टाइप करताना खांद्यावरून पाहणारा डोळा हा रोजचा धोका आहे आणि ठसा तो धोका टाळतो. त्याची जागा सोयीची आहे. बंद यंत्र सुरू करताना पिन आणि चालू यंत्र उघडताना ठसा, ही वाटणी योग्य.

पातळ लॅपटॉपची सर्वांत दुबळी बाजू कोणत्याही चिपमध्ये नसून त्याच्या वापराच्या सवयीत आहे. झाकण मिटायचे, पिशवीत टाकायचे, उघडायचे आणि लगेच काम सुरू करायचे, हीच तर या यंत्राची मोहिनी. पण झाकण मिटल्यावर यंत्र बंद होत नाही, ते झोपते, आणि झोपेत डिस्कची किल्ली सहसा रॅममध्ये तशीच राहते. २००८मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की वीज तोडल्यावरही रॅममधील माहिती काही सेकंद टिकते आणि चिप थंड केल्यास त्याहून खूप जास्त वेळ. आजच्या पातळ यंत्रांत रॅम बोर्डालाच डाखलेली असल्याने ती काढून दुसरीकडे बसवणे फार अवघड झाले आहे, हा पातळपणाचा आणखी एक फायदा. पूर्ण बचाव मात्र यंत्र बंद करण्यात किंवा हायबरनेट करण्यात आहे. चालू यंत्राचे काय होते हे १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात दिसले. ‘सिल्क रोड’ या ऑनलाइन काळ्या बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिख्ट याचा लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला होता. एफबीआयने एन्क्रिप्शन फोडण्याच्या भानगडीत न पडता त्याचे लक्ष विचलित केले आणि यंत्र उघडे, लॉगिन केलेले असतानाच हिसकावून घेतले. तिथे कायद्याचे हात होते. चोराचे हातही तसेच पोहोचू शकतात.

माहिती बाहेर जाण्याची आणखी एक वाट म्हणजे कॅमेरा, त्याबाबत थोडक्यात सांगता येते. दिवा लागला नाही म्हणजे कॅमेरा बंद, हे गृहीत धरू नये, कारण २०१३मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या मॅकबुकमध्ये दिवा न लावता कॅमेरा चालवून दाखवला होता. यंत्रात बसवलेली सरकती झडप हा साधा आणि खात्रीचा उपाय. वरून चिकटवलेले जाड झाकण मात्र पातळ यंत्रात स्क्रीन तडकवू शकते, असा इशारा अ‍ॅपलनेच दिला आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. एन्क्रिप्शनमुळे चोराआधी मालकच बाहेर राहतो. हे घडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली, तेव्हा बिटलॉकर असलेल्या असंख्य यंत्रांसाठी ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडचणीच्या वेळी डिस्क उघडणारी राखीव किल्ली, शोधत बसावे लागले. बोर्डाला जखडलेली साठवण असलेल्या पातळ यंत्रात बोर्ड मेला की माहितीही गेली, हेही तितकेच खरे. यावर उपाय एन्क्रिप्शन बंद करणे हा नाही. रिकव्हरी की कागदावर छापून घरी कागदपत्रांबरोबर ठेवणे आणि नियमित बॅकअप घेणे हा आहे, आणि तो बॅकअपही एन्क्रिप्ट केलेला हवा. नवा लॅपटॉप दुकानदाराने स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते वापरून चालू करून दिला, तर रिकव्हरी कीही त्याच्या खात्यात जाऊन बसू शकते. खरेदीच्या दिवशीच स्वतःच्या खात्याने यंत्र सुरू करावे.

दुरुस्तीच्या वेळी तर लोक किल्ली स्वतःहून देऊन टाकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा तालुक्याच्या गावी, पासवर्डाची चिठ्ठी चिकटवलेला लॅपटॉप दुकानात ठेवण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी नोंदी ठेवणारी यंत्रे १६ दुकानांत दुरुस्तीला दिली. त्यांपैकी सहा ठिकाणी ग्राहकाची खासगी माहिती उघडली गेली आणि दोन ठिकाणी ती उतरवूनही घेतली गेली. बॅटरी, कीबोर्ड किंवा स्क्रीन बदलायला पासवर्ड लागत नाही. चाचणीसाठी लागलाच तर वेगळे, रिकामे खाते उघडून द्यावे.

हा विषय मोठ्या कंपन्यांचा आहे, असा समजही आता टिकणारा नाही. चार्टर्ड अकाउंटंट, डॉक्टर, वकील, विमा प्रतिनिधी यांच्या पिशवीतल्या यंत्रात शेकडो लोकांची आधार आणि पॅन कार्डे, विवरणपत्रे, तपासणी अहवाल असतात. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा थेट उल्लेख आहे. शिवाय हरवलेला मोबाइल आयएमईआय क्रमांकावरून ‘संचार साथी’द्वारे बंद करता येतो. सिमची सोय नसलेल्या लॅपटॉपला असा क्रमांकच नसतो. चोरीनंतर करता येण्याजोगे फारसे उरत नाही, म्हणून जे करायचे ते आधीच करावे लागते.

लॅपटॉप जवळ असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’, आणि मॅकच्या सेटिंग्जमध्ये ‘फाइलव्हॉल्ट’ उघडून पाहावे. बंद असेल तर चालू करावे आणि पुढच्या प्रवासाला निघण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेवावी.