पडद्यावरचा दगड आणि आपण

शाळेच्या स्मरणिकेत चित्रपटांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून गेली अनेक वर्षे मी एक गोष्ट पाहत आलो आहे. विद्यार्थ्यांच्या मनातील समाजचित्र पाठ्यपुस्तकातून कमी आणि पडद्यावरून अधिक घडते. मी स्वतःही चित्रपटांचा हौशी प्रेक्षक आहे. आपल्या जगण्यावरचे चित्रपट आले, की पहिल्याच आठवड्यात ते पाहतो. म्हणूनच गेल्या दहा-बारा वर्षांत पडदा कसा बदलला आणि त्या तुलनेत आपण प्रेक्षक किती बदललो, याविषयी चार शब्द मांडावेसे वाटतात.

1936 साली ‘अछूत कन्या’ प्रदर्शित झाला. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांच्या प्रेमाची ही कथा. शेवटी देविकाराणीने साकारलेली नायिका रेल्वेखाली मरण पावते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ प्रसिद्ध केले आणि मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची दिशा स्पष्ट केली. पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मरत होती, तेव्हा पडद्याबाहेरचा अस्पृश्य समाज उठून उभा राहत होता. चित्रपटसृष्टीला तो दिसला नाही. पुढे 1959 मध्ये बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारून तेव्हा तीन वर्षे झाली होती. तरीही सुजाताला घरात खरी जागा मिळते ती आपले रक्त देऊन पालक मातेचे प्राण वाचवल्यावरच. चित्रपट सद्हेतूचा आहे, नूतनचा अभिनय अविस्मरणीय आहे. पण माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी तिलाच आपली योग्यता सिद्ध करावी लागते. ही करुणा खरी, पण समतेपर्यंत न पोहोचणारी.

2013 च्या ‘फॅन्ड्री’ने ही परंपरा मोडली. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात दया मागणारे कोणी नाही. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागीच उभा राहतो, त्याचे कुटुंब उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे बाबासाहेबांच्या आणि सावित्रीमाईंच्या चित्रांनी रंगलेल्या शाळेच्या भिंतीजवळून हेच कुटुंब मारलेले डुक्कर वाहून नेते. इतिहासाच्या एका अख्ख्या तासात मला जे सांगता आले नसते, ते या दोन प्रसंगांत आहे.

हा चित्रपट मी एकदा दहावीच्या वर्गाला दाखवला. डुकराचा पाठलाग सुरू झाला तेव्हा वर्गात हशा पिकला. हसणाऱ्यांत आपल्या समाजाची मुलेही होती. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या दिशेने आला आणि वर्ग शांत झाला. थोड्या वेळाने एका मुलाने विचारले, “सर, तो दगड आपल्याला मारला का?” मी उत्तर दिले नाही. उत्तर त्याला मिळालेलेच होते.

तेव्हापासून कोणताही चित्रपट पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : निर्णायक क्षणी निर्णय कोण घेतो? 2016 च्या ‘सैराट’मध्ये घर सोडण्याचे, संसार उभारण्याचे धाडस आर्ची आणि परश्या स्वतः करतात. 2018 मध्ये हिंदीत त्याचा ‘धडक’ झाला तेव्हा जातीचे वास्तव धूसर होऊन उरली ती केवळ प्रेमकथा. 2019 च्या ‘आर्टिकल 15’ने संविधानाचे कलम घराघरांत नेले, हे श्रेय मोठेच, पण तिथेही न्यायाची सूत्रे एका ब्राह्मण अधिकाऱ्याच्या हाती राहिली. 2021 च्या तमिळ ‘जय भीम’मध्ये नायक वकील आहे खरा, परंतु तडजोडीचा पैसा नाकारते ती इरुळर समाजातील गरोदर सेंगेनी. शेवटी तिची चिमुरडी वकिलासमोरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. 2022 च्या ‘झुंड’मध्ये वस्तीतली भीमजयंती हिंदी पडद्यावर दिमाखात आली, तर 2025 च्या ‘धडक 2’ने पहिल्या ‘धडक’मध्ये धूसर झालेली जात पुन्हा ठळकपणे मांडली.

तरी सारे सुरळीत आहे असे नाही. ‘फुले’ हा हिंदी चित्रपट जोतीरावांच्या जयंतीदिनी, 11 एप्रिल 2025 रोजी प्रदर्शित व्हायचा होता. तो 25 एप्रिलला आला. दरम्यान काही जातिवाचक शब्द वगळण्याची सूचना सेन्सॉर मंडळाने केल्याच्या बातम्या आल्या. जातीचा उच्चार टाळून जोतीराव-सावित्रीमाईंचे कार्य कसे सांगणार? रोगाचे नाव खोडून औषधाचा इतिहास लिहिता येत नाही.

परंतु माझी खरी काळजी पडद्याची नाही, आपली आहे. जब्या कैकाडी आहे, सेंगेनी इरुळर आहे. चित्रपटगृहात आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो, ‘जय भीम’चा घोष करतो आणि त्यांचे दुःख आपलेच मानतो. मग आपल्या वस्तीत, आपल्या संस्थांत, आपल्या वसतिगृहांच्या प्रवेशयादीत भटक्या-विमुक्तांची मुले किती आहेत? आपल्याच मुलीने जातीबाहेर जोडीदार निवडला, तर आपण आर्चीच्या भावासारखे वागणार नाही, याची खात्री किती घरे देऊ शकतील? आंतरजातीय विवाह हाच जातिअंताचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहून ठेवले आहे. ते आपण भाषणात सांगतो, घरात विसरतो.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. निवासी शाळेत महिन्यातून एक रविवार चित्रपटाला द्यावा, मात्र चित्रपट संपताच दिवे लावून निघून जाऊ नये. निर्णय कोणी घेतला, कोण हसले आणि का, यावर मुलांना बोलते करावे. दुसरी सूचना अधिक अवघड आहे. प्रवेशाच्या काळात माजी विद्यार्थ्यांनी कैकाडी, पारधी, वडार वस्त्यांवर स्वतः जावे आणि शाळेपर्यंत पोहोचू न शकलेल्या मुलांना हाताला धरून येथे आणावे. ज्या दिवशी जब्या आपल्या मुलांच्या शेजारी जेवायला बसेल, त्या दिवशी त्या दगडाला आपण उत्तर दिले असे म्हणता येईल.