रसिकांना सवलत, श्रमिकांना भुर्दंड

सिंगल माल्ट व्हिस्की प्यायची नसते, तिचा आस्वाद घ्यायचा असतो, असे तिचे उपासक सांगतात. करी रोडच्या आसपास, गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींत, शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मित्र यासाठी जमतात. निमुळत्या तोंडाचे पेले मांडले जातात. प्रथम रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग एक घोट जिभेवर घोळवायचा, आणि पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा हुंगायचे. आयला बेटावरील व्हिस्कीला पीटच्या धुराचा गंध कसा असतो, यावर तासभर चर्चा रंगते. मोड आणलेली बार्ली, एकच भट्टी, ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरवण, हे स्कॉटलंडच्या कारागिरांचे कौशल्य खरेच आहे. मित्रांनी चार घटका एकत्र बसण्यावर समाजवाद्यांचा आक्षेप असण्याचेही कारण नाही. आक्षेप आहे तो या पेल्याला मिळालेल्या राजाश्रयावर.

नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आयात केलेल्या स्कॉचवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. कारण असे देण्यात आले की, शेजारच्या राज्यांत ती स्वस्त असल्यामुळे चोरटी आयात होते आणि बनावट माल फोफावतो. दर उतरवला की विक्री वाढेल आणि महसूल १०० कोटींवरून २५० कोटी रुपयांवर जाईल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद चुकीचा नाही. फार चढा कर मागणीला अवैध बाजाराकडे ढकलतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

मग हेच ज्ञान जून २०२५ मध्ये कोठे लुप्त झाले? त्या महिन्यात मंत्रिमंडळाने देशी दारूवरील शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपयांवर नेले. भारतात तयार होणाऱ्या विदेशी मद्यापैकी ज्याचा घोषित उत्पादन खर्च बल्क लिटरमागे २६० रुपयांपर्यंत आहे, म्हणजे जे स्वस्त आहे, त्यावरील शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. देशीच्या १८० मिलिलिटर बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. दिवसभर हातगाडी ओढून आलेल्या माणसाच्या घोटावर वाढीव बोजा, आणि तिसाव्या मजल्यावरील घोटावर दीडपट! दोन्ही निर्णय निरनिराळ्या आघाड्यांच्या सरकारांचे आहेत. कल मात्र एकाच दिशेचा.

आयात मद्यावर केंद्राचे सीमाशुल्कही असते, असे यावर सांगितले जाईल. असते, पण तेही उतरणीला लागले आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरील शुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ टक्के आणि दहाव्या वर्षी ४० टक्के करण्याचे ठरले आहे. सूट दिल्लीत आणि मुंबईत, दोन्हीकडे एकाच ग्राहकाला.

अवैध बाजाराची भीती खरी कोठे आहे, हे मुंबईला नव्याने सांगावे लागू नये. स्कॉच महागली तर रसिक विमानतळावरून बाटली आणतो. देशी महागली तर मजूर हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मारली. ती सारी गरीब वस्तीतील होती. जो तर्क २०२१ मध्ये स्कॉचला लागू पडला, तो लागू करण्याची निकड या मृतांच्या बाबतीत कितीतरी अधिक होती.

करी रोडला हा न्याय अपरिचित नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणी कामगार देशोधडीला लागला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरबांधणीसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. आस्वादाच्या मैफली ज्या दिवाणखान्यांत भरतात, ते त्या दुरुस्तीचेच अपत्य होय.

आपल्या चळवळीतील काही ज्येष्ठांना हा सारा वाद गौण वाटतो. दारू वाईट, ती महाग झाली तर बरेच, असे ते म्हणतात. दारूपायी उद्ध्वस्त झालेला संसार ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या या भावनेचा आदरच केला पाहिजे. आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणणाऱ्या स्त्रियांचा लढा तर आपलाच आहे. परंतु सरकारचा हेतू व्यसनमुक्तीचा नाही. २०२५ च्या दरवाढीतून १४,००० कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित आहे. लोक पीत राहिले तरच तो मिळेल. ज्या कराचे अंदाजपत्रक व्यसन टिकण्यावर बेतलेले आहे, त्याला नीतीचा मुलामा देऊ नये.

पुरोगामी पक्षांच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात दोन साधे प्रश्न विचारावेत. स्कॉचवरील सवलतीने अपेक्षित २५० कोटी प्रत्यक्षात किती वर्षी जमा झाले? आणि या १४,००० कोटींपैकी व्यसनमुक्ती केंद्रांसाठी व विषारी दारूच्या तपासणीसाठी किती रुपये राखून ठेवले आहेत?