घरांतील यंत्रविद्या : पान्याची लांबी आणि हाताचा आवर

गोंदियाजवळील मुर्री येथून एका वाचकांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घर एकत्र, तीन भावांचीं बिऱ्हाडें एकाच छपराखालीं, शेती धानाची, आणि अंगणापलीकडे एक लहानशी राईस मिल. पत्र लिहिणारे गृहस्थ हे घरांतील पुतणे. लांब दांड्याच्या कॉम्बिनेशन पान्यांचा एक पुरा संच विकत घ्यावा, असें त्यांचें म्हणणें. उलट वडील काकांचें म्हणणें असें कीं, आजवर जुन्या पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा तुकडा चढवून सर्व कामें निभावलीं, तेव्हां हा नवा खर्च कशाला? या वादाला एक कारणही घडलें आहे. गेल्या हंगामांत मोटारीच्या पायाचा एक गंजलेला नट सोडवीत असतां नळी लावलेला पाना एकाएकीं सुटला, काकांचा हात जवळच्या पुलीवर आदळला, आणि उजव्या हाताचीं दोन बोटें आजही पुरतीं मिटत नाहींत. काका त्याविषयीं चकार शब्द काढीत नाहींत. परंतु संध्येच्या वेळीं आचमनासाठीं घेतलेलें पाणी तळहातांतून गळून जातें तें घरांतील सर्वांस दिसतें, असें पुतण्यांनीं लिहिलें आहे. हें वाक्य वाचल्यावर या महिन्याचें सबंध सदर याच एका विषयास द्यावें असें आम्हीं ठरविलें.

प्रथम हत्याराचा परिचय. कॉम्बिनेशन पाना म्हणजे ज्याच्या एका टोंकास उघडें तोंड व दुसऱ्या टोंकास बंद रिंग असते असा पाना; दोन्ही टोंकांचें माप एकच. उघडें तोंड नटाच्या दोनच बाजू धरतें. रिंग नटाला चोहोंकडून कवटाळते. घट्ट बसलेला नट प्रथम रिंगेनें हलवावा व तो सैल झाल्यावर उघड्या तोंडानें झटपट फिरवावा, हा या जोडणीचा हेतु. उघडें तोंड दांड्याशीं सरळ रेषेंत नसून १५ अंशांनीं कललेलें असतें, तेंही उगाच नव्हे. अडचणीच्या जागीं पाना ३० अंश फिरवून काढावा, उलटा करून पुन्हां बसवावा, कीं तो आणखी ३० अंश फिरतो. एवढ्या थोड्या जागेंतही नट निघतो. हें साधें कसब ठाऊक नसल्यामुळें कित्येक गृहस्थ पान्याला दोष देत बसतात.

आतां लांबीचा प्रश्न. नटावर पडणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले हात व नट यांमधील अंतर. एक मीटर लांब दांड्याच्या टोंकाशीं एक किलोचा जोर लावला तर एक किलोग्रॅम-मीटर पीळ होतो, असें हें माप आहे. १९ मिलिमीटरचा साधा पाना सुमारें २५ सेंटिमीटर लांब असतो. पण मूठ टोंकापासून थोडी आंत येते, म्हणून उपयोगाची लांबी २० सेंटिमीटरच धरावी. त्याच मापाच्या लांब पान्यांत ती ३० सेंटिमीटरच्या आसपास मिळते. १२ मिलिमीटर व्यासाचा, डोक्यावर ८.८ हा आंकडा कोरलेला बोल्ट नीट आवळावयास सुमारें ८ किलोग्रॅम-मीटर पीळ लागतो. साध्या पान्यानें त्यासाठीं ४० किलोंचा जोर लावावा लागेल. लांब पान्यानें २७ किलोंत काम होतें. जो ४० किलोंनीं ओढतो त्याचें सर्व अंग त्या ओढीत गुंतलेलें असतें, आणि पाना निसटला तर त्याला स्वतःस सांवरतां येत नाहीं. २७ किलोंनीं ओढणारा पाय रोवून उभा राहूं शकतो. लांब पान्याचा खरा लाभ हाच आहे. त्यानें श्रम वांचतात हें खरें, पण त्याहून अधिक म्हणजे तोल वांचतो.

मग सर्वच पाने लांब कां घेऊं नयेत? कारण साध्या पान्याची लांबी ही आंखूड बुद्धीनें ठरविलेली नाहीं. जसजसें माप वाढतें तसतशी लांबी वाढवीत नेण्याचा प्रघात आहे तो अशासाठीं कीं, लहान बोल्टावर माणसाच्या हाताला अति जोर लावतांच येऊं नये. ८ मिलिमीटर व्यासाच्या ८.८ जातीच्या बोल्टास अवघा २.५ किलोग्रॅम-मीटर पीळ पुरतो. त्याच्या नटाला १३ चा पाना लागतो. हा पाना लांब घेतला व हात नटापासून २० सेंटिमीटरवर पडला, तर साडेबारा किलोंतच काम पुरें होतें. आणि सवयीप्रमाणें ३० किलोंनीं ओढणारा गृहस्थ त्या बिचाऱ्या बोल्टावर ६ किलोग्रॅम-मीटर पीळ घालतो. बोल्ट तुटणारच. शिवाय साध्या मऊ पोलादाचा, म्हणजे ४.६ आंकड्याचा बोल्ट असेल, तर त्याची सहनशक्ति ८.८ च्या निम्म्याहूनही कमी. साधा पाना हाताला आवर घालतो. लांब पाना तो आवर काढून घेतो. ज्याच्या हातांत लांब पाना द्यावयाचा त्याच्या ठिकाणीं तो आवर आधीं आलेला असला पाहिजे.

हें आम्ही पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. आमच्या घरच्या विहिरीवरील पंपाच्या ग्लँडचे दोन नट गळती थांबविण्यासाठीं आवळावयाचे होते. काम पांच मिनिटांचें. जवळचा पाना सांपडेना, लांब सांपडला. आम्हीं तोच लावला आणि उत्साहानें ओढला. नट फिरत राहिला, हाताला मऊ लागला, आणि पुढच्याच क्षणीं स्टड तुटून हातांत आला. उरलेला तुकडा बिडाच्या पोटांत रुतून बसला. मिस्त्रींनीं तो छिद्र पाडून काढीपर्यंत दोन दिवस गेले, आणि ते दोन दिवस घरांतील मंडळींस शेजारून पाणी आणावें लागलें. त्या दोन दिवसांत आमच्या यंत्रज्ञानाविषयीं घरांत जें बोललें गेलें तें येथें देण्याचें कारण नाहीं. आवळतांना प्रतिकार वाढत जावयाचा असतो; तो एकाएकीं मऊ लागला तर बोल्ट ताणला जात आहे असें समजून तत्काळ थांबावें, एवढा धडा मात्र पदरांत पडला.

म्हणून मुर्रीच्या वाचकांस आमचें पहिलें सांगणें असें कीं, पुरा संच घेऊं नये. ८ पासून १४ पर्यंतचे पाने साध्या लांबीचेच असावेत. लांब घ्यावयाचे ते मोठ्या मापांचे : १७, १९, २२ आणि २४, आणि यंत्रावर २० मिलिमीटर व्यासाचे बोल्ट असतील तर ३०. मात्र दुकानांत जाण्यापूर्वीं मिलमधील नट मोजून घ्यावेत. जुन्या प्रघाताप्रमाणें १० व १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांना अनुक्रमें १७ व १९ चा पाना लागतो, तर नव्या आंतरराष्ट्रीय मापांप्रमाणें त्याच बोल्टांना १६ व १८ चा. एकाच यंत्रावर मूळचे नट एका मापाचे व मागाहून बदललेले दुसऱ्या मापाचे, असा प्रकार नेहमीं आढळतो. १८ च्या नटावर १९ चा पाना बसतो खरा, पण तो नटाचे कोपरे खातो. आणि कोपरे झिजलेल्या नटावर लांब पाना म्हणजे अपघाताला दिलेलें आमंत्रण होय.

घरांत एखादें जुन्या बनावटीचें तेलइंजिन असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एक प्रमाण सुचविलें, व तें आपल्याकडील यंत्रांतही दीर्घकाळ चाललें. त्या पान्यावरील आंकडा नटाची रुंदी दाखवीत नसून बोल्टाचा व्यास दाखवितो. अर्ध्या इंची व्हिटवर्थ नटाची रुंदी सुमारें २३.४ मिलिमीटर भरते. त्यावर २४ चा पाना ढिला पडतो. अशा नटांसाठीं त्या मापाचे एक-दोन जुने पाने जपून ठेवावेत. १९५६ च्या कायद्यानें देशांत दशमान मापें आलीं, तरी जुनें लोखंड कायदा वाचीत नाहीं.

दुकानांत पाना पाहतांना पुढील गोष्टी पाहाव्यात. लांबी विचारून घेऊं नये, पट्टीनें मोजावी. ‘लांब’ हा शब्द प्रत्येक कारखान्याचा निराळा असतो. क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा, घडाई केलेला पाना घ्यावा. त्यावर माप व करणाऱ्याचें नांव स्पष्ट उमटलेलें असावें. पंजाबांतील जालंधर व लुधियाना हीं हातहत्यारांच्या धंद्याचीं जुनीं ठिकाणें; आपल्या महाराष्ट्रांत नाशिक येथें तपारियाचा कारखाना आहे. बरोबर एक नवा, न झिजलेला बोल्ट न्यावा व पाना त्यावर चढवून पाहावा. तो सहज बसला पाहिजे, पण डुलतां कामा नये. रिंगेची भिंत जितकी पातळ तितकी ती अडचणीच्या जागीं शिरते. रिंग दांड्यापासून सुमारें १५ अंश उचललेली असावी, म्हणजे बोटांच्या पेरांना खालचा पत्रा लागत नाहीं. कांहीं फार लांब पाने अगदीं सपाट असतात, ते अशा कामास घेऊं नयेत. बारा कोनांची रिंग दर ३० अंशांवर बसते म्हणून सोईची. सहा कोनांची ६० अंशांवर बसते, पण गंजलेल्या व झिजलेल्या नटास तीच अधिक पक्की धरते. चकाकीला भुलूं नये. मुलाम्याचे पापुद्रे निघूं लागले कीं ते हात कापतात.

आतां नळीविषयीं. काकांचा पक्ष अगदींच निराधार आहे असें नाहीं. लांबीनें जोर वाढतो हें तत्त्व त्यांच्या नळीचेंही आहे. दोष असा कीं, ती नळी पान्याच्या शक्तीशीं बोलून चढविलेली नसते. ७५ सेंटिमीटर अंतरावर ३० किलो जोर म्हणजे २२ किलोग्रॅम-मीटरहून अधिक पीळ झाला. तो १२ मिलिमीटरचा बोल्ट सहन करीत नाहीं, आणि उघड्या तोंडाचा पाना असेल तर त्याचा जबडा फांकतो. बोल्ट, जबडा कीं नळी, या तिहींपैकीं आधीं कोण दगा देईल हें कोणासच सांगतां येत नाहीं, आणि ज्याचा नेम नाहीं त्यावर सर्व अंगाचा भार टाकणें हें साहस होय. लांब पाना एकाच तुकड्याचा, त्याच मापासाठीं घडविलेला असतो. त्यालाही नळी लावावयाची नसते हें पुतण्यांनींही ध्यानांत ठेवावें. त्यानेंही नट हलत नसेल तर लांब दांड्याची गोटी, म्हणजे सॉकेट, आणावी.

गंजलेल्या नटाला जोरापेक्षां धीर अधिक मानवतो. आदल्या रात्रीं आटे तारेच्या ब्रशानें साफ करून त्यांवर गंजमोडें तेल सोडावें. सकाळीं नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्यावेत व पुन्हां तेल सोडावें. मग रिंग पुरती खालपर्यंत बसवावी. पाना आपल्याकडे ओढावा, ढकलूं नये. ढकलणेंच भाग पडलें तर मूठ न वळतां उघड्या तळहातानें ढकलावा. झटका देऊं नये. आणि ओढण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हा पाना या क्षणीं सुटला तर माझा हात कोठें जाईल? त्या दिशेस पुली असेल तर उभें राहण्याची बाजू बदलावी. मोटार असेल तेथें मेन स्विच बंद करून फ्यूज काढून आपल्या खिशांत ठेवावेत. एकत्र घरांत बटण दाबावयास हात पुष्कळ असतात.

धान घरांत येण्याच्या दिवसांत मिलमधील रबरी रोल वरचेवर बदलावे लागतात, पट्टा ताणण्यासाठीं मोटार सरकवावी लागते, आणि गोंदियाचे मिस्त्री तेव्हांच कामांत बुडालेले असतात. अशा वेळीं घरचा माणूस पाना धरूं शकला तर दिवस वांचतो. हत्यार हातीं धरणें हें विद्येला कमीपणा आणणारें आहे असें ज्या घरांत अजूनही कोणास वाटत असेल, त्यांनीं लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण पाहावें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान घातलें. त्यांतूनच पुढें लोखंडी नांगर व १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. देव्हाऱ्यांत पळी-पंचपात्राची जागा जशी ठरलेली असते तशी पान्यांचीही ठरलेली असावी : जाड कापडाची कप्प्यांची गुंडाळी, प्रत्येक कप्प्यावर माप, आणि काम संपल्यावर मोजूनच ती बांधावयाची. एक पाना कमी भरला तर तो सांपडेपर्यंत यंत्र सुरूं करावयाचें नाहीं.

तेव्हां निवाडा असा कीं, पुतण्यांनीं संचाचा हट्ट सोडावा व काकांनीं नळीचा. चार लांब पाने घ्यावेत. मात्र खरेदीस पुतण्यांनीं एकट्यानें जाऊं नये. काकांना बरोबर न्यावें आणि प्रत्येक पान्याचा दांडा प्रथम त्यांच्या उजव्या हातांत द्यावा. जीं बोटें पुरतीं मिटत नाहींत त्यांना जो दांडा धरवेल, तो घरांतील सर्वांना धरवेल. आणि मिलमध्यें कोणता नट गेल्या वीस हंगामांत कधीं सुटला व कधीं अडला, हें काकांखेरीज कोणास ठाऊक असणार? तें त्यांना विचारून एका वहींत लिहून ठेवावें. पाने पैसे देऊन मिळतील; ती वही दुकानांत मिळणार नाहीं.