किल्ल्याची माती आणि भुताचा मुखवटा

पितृपंधरवडा सरला की आमच्या कुरुळी-चाकण भागातली हवा पालटते. पाऊस परतीला लागतो, दुपारचे ऊन चटके देऊ लागते आणि पहाटे पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढावीशी वाटते. भोंडला, दसरा, कोजागिरी आणि पाठोपाठ दिवाळी. आश्विन-कार्तिक हे खरे तर बालगोपाळांचेच महिने. गेल्या काही वर्षांत या रांगेत आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे, तो म्हणजे 31 ऑक्टोबरचा हॅलोविन. नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, मग मोठमोठ्या सोसायट्या आल्या, सोसायट्यांबरोबर इंग्रजी नर्सऱ्या आल्या आणि नर्सऱ्यांबरोबर हे भुताचे कपडेही आले. 2024 साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी पडले. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी काळा झगा, असा थाट काही घरांत दिसला.

याविषयी दवाखान्यात दोन प्रकारचे प्रश्न येतात. आजोबा विचारतात, "डॉक्टर, हे कसलं खूळ? लहान पोरांना भुतं कशाला दाखवायची?" आई विचारते, "सगळी मुलं जाणार आहेत, आमचीच घरी ठेवू का?" दोघांनाही मी तेच सांगतो. सण कुठल्या देशाचा आहे यावरून मुलाची प्रकृती ठरत नाही. त्या सणात मुलाच्या हाताला काही काम आहे का आणि त्याच्या शेजारी घरचे मोठे माणूस बसले आहे का, एवढेच पाहावे.

आजोबांच्या माहितीसाठी थोडे सांगतो. हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या संधीचा. तिकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ती माणसे अमेरिकेत गेली, तेव्हा तिथे मुबलक मिळणारा भोपळा त्यांनी हाती घेतला. आपल्याकडेही म्हातारी लेकीच्या घरून परतताना भोपळ्यातच बसली होती आणि वाघाला चकवत घरी आली होती. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावची पोरे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. म्हणजे भीतीशी खेळून ती मोडून टाकायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही. लेकराला दोन्हींतले सारखेच कळते, फक्त ते त्याच्या वयाला झेपले पाहिजे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला मुखवटा आणि माणूस यांतला फरक पुरता उमगलेला नसतो. मुखवटा चढवला की बाबा नाहीसा झाला, असे त्याला खरोखरच वाटते. एका नर्सरीच्या कार्यक्रमानंतर साडेतीन वर्षांच्या मुलीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. ताप नाही, खोकला नाही, पण आठ दिवस रात्री दचकून उठते आणि वर्षभरापूर्वी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले. औषध काही दिले नाही. पुठ्ठ्याचा एक मुखवटा घरी करायला सांगितला. आईने तो मुलीसमोरच घालायचा, काढायचा, मग तिच्या हातात द्यायचा, तिने बाबांना घाबरवायचे. पंधरा दिवसांत मुलगी पूर्ववत झाली. पाच-सहा वर्षांवरच्या मुलाला बहुधा हा त्रास होत नाही, उलट मजाच वाटते. त्याच्या बाबतीत काळजी वेगळी. डोळ्यांची भोके बारीक असलेल्या प्लास्टिकच्या मुखवट्याने जिना नीट दिसत नाही. पायांत घोळणारा झगा असेल तर पडणे ठरलेलेच. तोंडाला फासायचे स्वस्त रंग आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावेत आणि डोळ्यांजवळ नेऊच नयेत. चार वर्षांखालच्या मुलाच्या पिशवीत कडक गोळ्या, शेंगदाणे, फुटाणे पडले तर ते काढून घ्यावेत, श्वासनलिकेत अडकतात. हे हॅलोविनच्या गोळ्यांना लागू आहे तसेच दिवाळीच्या चिवड्यालाही लागू आहे.

माझी तक्रार आहे ती तयार मालाविषयी. झगा विकत, भोपळा प्लास्टिकचा, खाऊ पाकिटातला. मूल तासभर उभे राहते, फोटो निघतो आणि संपले. आणि हे फक्त हॅलोविनचेच नाही. दिवाळीचा किल्लासुद्धा आता प्लास्टर ऑफ पॅरिसचा तयार मिळतो. दुकानातून आणून व्हरांड्यात ठेवला की झाले. मूल त्याच्याकडे पाच मिनिटे पाहते आणि परत मोबाईलकडे वळते.

मातीचा किल्ला केलेल्या पिढीला मी काय म्हणतो ते सांगायला नको. शाळेला सुटी लागली की दगड-विटा गोळा करायच्या, वर ओले पोते टाकायचे, माती कालवायची, बुरूज थापायचे, ते रात्रीत ढासळायचे, सकाळी पुन्हा थापायचे. अळीव नाहीतर मोहरी पेरून चौथ्या दिवशी हिरवळ उगवली की जग जिंकल्यासारखे वाटे. डॉक्टर म्हणून या खेळाकडे पाहिले तर मला थक्क व्हायला होते. उकिडवे बसणे, वाकणे, ओझे उचलणे, बोटांनी बारीक पायऱ्या कोरणे, भांडणे आणि भांडण मिटवणे, आणि हे सगळे सलग पाच-सहा दिवस, उघड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर एक तासापेक्षा जास्त बसू नये, असे त्यात आहे. तैवानमध्ये मुलांना लांबचे न दिसण्याचा विकार फार वाढला, तेव्हा तिथल्या सरकारने 2010 सालापासून शाळांना सांगितले की मुलांना रोज 120 मिनिटे उघड्यावर काढा. बाहेरच्या उजेडात वावरणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचे प्रमाण कमी असते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. आमच्या पोरांना त्या दोन तासांसाठी सरकारी फर्मानाची गरज नव्हती, किल्ला होता.

मग अडते कुठे? पहिली अडचण सोसायटीची. फरशी खराब होते, पाण्याचे ओघळ येतात, म्हणून किल्ल्याला बंदी असे फलक मी स्वतः पाहिले आहेत. गाड्यांसाठी जागा आहे, मंडपासाठी आहे, फटाक्यांसाठीही आहे, पण दहा फूट मातीला नाही. कमिटीच्या मंडळींना माझी विनंती आहे की एक कोपरा पंधरा दिवसांसाठी द्यावा. खाली जाड प्लास्टिक अंथरले की फरशीला काही होत नाही. भोवतालच्या चाळींतून मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली कामगार कुटुंबे एकेका खोलीत राहतात, त्यांच्या मुलांना तर अंगणच नाही. त्यांनाही त्या कोपऱ्यात येऊ द्यावे. माती कालवायला भाषा लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. बाप दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री येतो, आई स्वतः कुठल्या तरी लाइनवर उभी असते. अशा घराला मी रोज दोन तास द्या असे सांगणार नाही. बोनस हातात आला की मुलासाठी काहीतरी मोठे घ्यावे असे वाटते, त्यात गैरही काही नाही. पण साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी बाप लेकरासोबत मातीत बसला, तर बाकीचे दिवस मुले आपापली निभावून नेतात. किल्ला कुठला करायचा हा प्रश्न आमच्याकडे पडूच नये. आपल्या चाकणचा संग्रामदुर्ग आहे. 1660 साली शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे 55 दिवस झुंजवला, शेवटी खानाला सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. तो भुईकोट आहे, म्हणजे डोंगर रचायची कटकट नाही. तट, बुरूज आणि भोवती खंदक. आधी मुलांना घेऊन चाकणला जाऊन उरलेला तट दाखवावा, मग घरी येऊन मातीला हात घालावा.

तिसरी अडचण आईच्या मनातली. मातीत जंतू असतात, जंत होतात. असतात, नाकारत नाही. म्हणून माती शेतातली घ्यावी. वर्कशॉपच्या मागची, तेलाचे काळे डाग पडलेली, भंगाराजवळची किंवा कुत्र्या-मांजरांच्या वावराची माती घेऊ नये. ती आधी चाळावी, काच-खिळे निघून जातात. मुलांची नखे कापलेली असावीत आणि खेळ संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय करंजीला हात लावू देऊ नये. दीड वर्षाच्या सुमाराचा आणि पाच-सहा वर्षांचा असे त्रिगुणी लशीचे दोन्ही वर्धक डोस, तसेच दहा आणि सोळा वर्षांचे धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का, हे कार्डावर पाहावे. राहिले असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. एवढे केले की मातीला भिण्याचे कारण उरत नाही.

उलट भ्यायचे असेल तर खंदकातल्या पाण्याला भ्यावे. हे दिवस डेंग्यूचे. त्याचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो आणि तो दिवसा चावतो, म्हणजे मुले किल्ल्यापाशी असतात तेव्हाच. खंदक दर दोन दिवसांनी उपसून कोरडा करावा, दिवाळी संपली की बुजवावा. टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या यांचेही तेच. ताप आलाच तर घरातली अंगदुखीची उरलेली गोळी मुलाला देऊ नये, वजनाप्रमाणे फक्त पॅरासिटामॉल द्यावे. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच घातक असतात. पोटात सारखे दुखणे, वारंवार उलटी, गळून जाणे, नाका-हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, यांतले काही दिसले की रात्र असो, दिवस असो, रुग्णालय गाठावे.

फटाक्यांविषयी दरवर्षी लिहितो, पण एक गोष्ट पुन्हा सांगितल्याशिवाय राहवत नाही. लहान मुलांना 'साधे' म्हणून जे फटाके देतात, तेच जास्त वाईट आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 साली निरनिराळ्या फटाक्यांचा धूर मोजला, त्यात सर्वांत जास्त सूक्ष्म कण निघाले ते निरुपद्रवी दिसणाऱ्या नागगोळीतून. मूल ती पेटवून तिच्यावर ओणवे होऊन नाग कसा निघतो ते पाहते, म्हणजे धूर सरळ छातीत. फुलबाजीचेही तसेच. तिचे टोक हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते. विझलेली तार जमिनीवर टाकली जाते आणि त्यावर अनवाणी पाय पडतो. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री येणाऱ्या मुलांत मोठ्या बॉम्बने भाजलेली थोडी असतात, फुलबाजीच्या तारेची जास्त. जवळ पाण्याची बादली ठेवावी, जळालेली तार त्यातच जावी, अंगात सुती कपडे आणि पायांत बंद चपला असाव्यात. भाजलेच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाटा, बर्फ यांतले काही लावू नये. आम्हाला ते खरवडून काढावे लागते आणि ते मुलाला भाजण्यापेक्षा जास्त दुखते.

अलीकडे एक नवीच वस्तू घरोघरी आली आहे. सेलवर चालणाऱ्या पणत्या, आणि हॅलोविनचे लुकलुकणारे छोटे भोपळेही. आग नको म्हणून आई-बाप विश्वासाने मुलाच्या हातात देतात. पण त्यांच्या बुडाशी रुपयाच्या नाण्यासारखा चपटा बटन सेल असतो आणि झाकण नखानेही उघडते. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत ती आतून भाजू शकते. मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळते, खायला नको म्हणते. संशय आला तरी उलटी काढायला लावू नये, सकाळपर्यंत थांबू नये. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे आणि 'सेल गिळला असावा' हे दारातच सांगावे. त्यापेक्षा लहान मूल असलेल्या घरात मातीची तेलाची पणती उंच जागी लावलेली मला जास्त बरी वाटते.

यंदा किल्ला करायचा ज्यांनी मनात घेतले असेल त्यांनी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी अळीव पेरावेत. माती ओलसर ठेवावी, वरून धबाधबा पाणी ओतू नये, बी वाहून जाते. पेरून उरलेल्या अळिवाचे ओल्या नारळात गुळाचे लाडू करावेत. लोह भरपूर असते आणि बाळंतिणीपुरतेच ते राखून ठेवण्याचे काही कारण नाही.